गुडघा

दांडिया बाजारात आमच्या ओट्यावर
एफ्राइन ओल्वेरा पाय लांब करून बसला
तेव्हा मला एवढंच सांगितलेलं:
मेक्सिकोचा आहे, मधल्या फळीत खेळतो,
क्लबच्या डॉक्टरनं हात टेकले.

मी पागेदार. चार पिढ्या आम्ही
बडोद्यातल्या पैलवानांचे सांधे बसवले.
माणसाचं नाव विसरेन, गुडघा नाही.
तिळाचं तेल कोमट केलं, अंगठा वाटीखाली सरकवला,
आणि तो तोंड उघडायच्या आत
गुडघाच बोलायला लागला.

आतल्या अंगाला एक जुनी गाठ.
सतराव्या वर्षाची असेल, म्हटलं.
दुभाष्या पोरानं विचारलं. हो, सतराच.
चांदीच्या खाणीचं गाव, डोंगर कापून केलेलं मैदान,
गवत कसलं, नुसती खडी,
आणि पाळी सुटल्यावर कुंपणाशी उभा बाप,
ज्याच्या खोकल्यावरून याला कळायचं
की पास बरा गेला का वाईट.

वरच्या बाजूला शिवण. खाली अजून एक,
दुसऱ्या हाताची, घाईची.
अकरा क्लब. त्यातले चार उसनवारीचे,
शेजारी विरजण मागतात ना, तसे.
आणि देशाच्या शर्टात सहा मिनिटं.
सहा? मी तेल थांबवून विचारलं.
त्यानं बोटं दाखवली.
तेवढ्यात चेंडू तीनदा पायाशी आला,
तिन्ही वेळा देऊन टाकला.

आमच्या शार्दूलनं मोबाइलमधून मान वर काढली:
गोल किती?
चौदा वर्षांत नऊ.
मान परत खाली.

दुखलं की तो म्हणायचा, देस्पासियो.
मी म्हणायचो, हळू, हळूच करतोय बाबा.
आठवड्यानं तोच म्हणाला, हळू.
जिभेला 'ळ' काही वळेना. हलू, हरू, हडू,
मग एकदा नीट पडला
आणि आतून बायको म्हणाली, आता चहा द्यायला हरकत नाही.

सेव-उसळीवर तीन लिंबं पिळायचा,
तर्री वरून मागून घ्यायचा, नाक पुसत खायचा.
विश्वामित्रीच्या पुलावरून त्याला मगर दाखवली.
गाळात गाळासारखी पडलेली.
लोक आले, फोटो काढून गेले,
हा अर्धा तास कठड्याला रेलून.
पोराला काहीतरी म्हणाला, पोर हसलं:
काका, हा म्हणतो, ही चांगली मिडफिल्डर आहे.

शुक्रवारी पोलो मैदानावर गेलो.
मला फुटबॉल कळत नाही, पाय कळतात.
बाकीचे धावत होते. हा चालत होता,
मान सारखी इकडे तिकडे,
रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.
चेंडू आला तसा त्यानं तो तव्यावरच्या पोळीगत उलटवला
आणि जिथं कोणी नव्हतं तिथं पाठवला.
एवढ्यात मकवाणा तिथं होता.
गोल.
सगळे मकवाणाच्या अंगावर.
हा जागेवरच, वाकून, मोजा वर ओढत.
अठ्ठावन्नाव्या मिनिटाला पाटी वर झाली, आठ नंबर.
टाळ्या वाजल्या. मी नाही वाजवल्या,
मी त्याचं चालणं बघत होतो.

मार्चमध्ये गेला. जाताना बाटली दिली तेलाची,
विमानतळावर काढून ठेवतील म्हणून दोनदा पिशवीत गुंडाळली.
पैसे त्यानं जास्तच दिले होते,
मी सुटे शोधेपर्यंत रिक्षा कोठीच्या वळणावर.

परवा व्हिडिओ आला.
डोंगर, खडी, बारा-तेराची पोरं,
मधोमध हा, शिटी गळ्यात,
आणि पोरं एकमेकांना ओरडताहेत:
हळू! हळू!
त्यांना वाटत असणार, फुटबॉलमधला शब्द आहे.

बायकोनं तीनदा बघितला, शेजारी दाखवून आली.
मी एका जागी थांबवला, बोटांनी मोठा केला.
उजवा गुडघा बाहेर पडतोय पुन्हा.
तेल संपवलंन वाटतं.