वितळण्याच्या अलीकडे

कार्मॉय बेटावर जानेवारीत
साडेनवाला उजाडतं, चारच्या आत संपतं.
त्या मधल्या उजेडात ओड्वार
अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पाट्या शेजारी आवळतो,
फटीत कागदही शिरू नये अशा,
आणि फिरता खिळा सांध्यात उतरवतो.

ठिणगी नाही. झगमगाट नाही.
बघायला आलेली शाळेची पोरं हिरमुसतात.
धातू इथं वितळतच नाही,
साडेचारशे अंशांवर नुसता सैलावतो,
तिंबलेल्या कणकेसारखा,
आणि खिळ्यामागून चालत जातो.

पण किती फिरवायचं, किती दाबायचं!
ताप चढला की कण फुगतात, सुस्तावतात.
उतरला की पोटात बोगदा राहतो
आणि वरून सगळं गुळगुळीत.
एकदा कुणीतरी दार उघडं टाकलं होतं,
समुद्रावरचा वारा टेबलाला लागला,
तीन मीटर पोकळ निघाले.
ओड्वारला वाऱ्याचा अजून राग आहे.

माझ्याकडे येतो तो कापलेला तुकडा, अंगठ्याएवढा.
घासते, अजून बारीक घासते,
त्यात माझा चष्मा दिसेपर्यंत.
मग आम्ल, मग भिंग.

मधोमध बारीक दाणा,
जुने कण मोडून नव्यानं जन्मलेले.
त्याला लागून वाकलेले, ओढलेले,
पुरानंतरच्या लव्हाळ्यासारखे एका अंगाला निजलेले.
त्याच्यापलीकडे काहीच नाही.
कण जसेच्या तसे.
वाटावं, इथवर आच आलीच नाही.

मंगळवारी यंत्रात धरून ओढलं.
तुटलं ते सांध्यात नाही,
नऊ मिलिमीटर बाजूला,
त्या जसंच्या तसं दिसणाऱ्या जागी.

"माझा सांधा तर टिकला," ओड्वार म्हणाला
आणि हसायचं राहून गेला.

मी हिऱ्याचं टोक टेकवत गेले,
अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर.
एकशे सात. एकशे दोन. अठ्ठ्याऐंशी.
एकाहत्तर. त्रेसष्ट. त्रेसष्ट.
बळ देणारं जे आत विखुरलेलं होतं, भिंगालाही न दिसणारं,
ते उबेनं गोळा होऊन जाड, विरळ झालेलं.
आकार तोच. फक्त आत धरून ठेवणारं कुणी नाही.

सिन्नॉवे गेली त्याला चौथा महिना.
ओड्वारला आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं जेवायला बोलावलं,
खांद्यावर हात ठेवले, मासे पोचवले.
तो मोडला आणि कसाबसा पुन्हा जुळला,
डोळ्यांदेखत.

साडेतीनला त्याचा मुलगा येतो न्यायला.
आयविन, एकोणीस वर्षांचा.
वेळेवर येतो. नीट बोलतो.
सगळे म्हणतात, पोरगं घट्ट आहे हो,
जसंच्या तसं.

आजही आला, उंबऱ्यात थांबला.
"दार लाव," आतून ओड्वार ओरडला, "गारठा शिरतोय."
त्यानं लावलं, हळूच, आवाज न करता.

मी भिंगावरून मान काढली.
आकडे अजून लिहायचे होते.
"बस जरा," म्हटलं, "बापाला वेळ आहे.
कॉफी गरम आहे."
तो बसला.
कप दोन्ही हातांत धरून,
प्यायला मात्र नाही.