कार्य अज्ञात

उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत सगळं उलटं:
यीस्टला तीस अंश हवेत,
बाहेर सोलापूर चव्वेचाळीस.
उबवायचं यंत्र दिवसभर थंड करत बसतं.
दार उघडलं की पावाच्या भट्टीचा वास,
थोडा शिंदीचा. दस्तगीरमामा विचारतात,
मॅडम, कसली भट्टी लावलीय?

अकराव्या गुणसूत्रावरचं एक जनुक.
नाव नाही, नुसता क्रमांक.
यादीत त्याच्यापुढे: कार्य अज्ञात.
मी ते काढून टाकलं.
यीस्ट वाढलं तसंच, त्याच वेगानं.
आलेखावर दोन रेषा एकमेकींवर अशा बसल्या
की एक पुसली तरी चालेल.
सहा महिने मी त्याच रेषेकडे बघत होते.

मग पेशी गाळल्या, गोठवल्या,
कोरड्या बर्फातला थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन
हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला.
कुर्डुवाडीला शेजारच्या बाई म्हणाल्या, कुल्फी का?

तीनशे एकोणसत्तरच्या खुणेवर एक सुळका.
मूळच्या यीस्टमध्ये तिथे सपाट रान.
सात कार्बनांची साखर, दोन टोकांना दोन फॉस्फेट,
आणि त्यातलं एक उतरवून घेणारं
घरात कुणी नाही.
सिग्नल गेल्यावर सात रस्त्याला रिक्षा तुंबतात
तशी तुंबलेली.

सुळका म्हणजे पुरावा नव्हे, येमूल सर म्हणाले.
म्हणून शुद्ध केलेलं विकर नळीत घालून पाहिलं.
सहा कार्बनवालीकडे त्यानं जेमतेम वळून बघितलं.
सातवालीचं मात्र पहिलंच टोक मोकळं केलं,
दुसऱ्याला हात लावला नाही.

विडी घरकुलात आईला सांगितलं.
आमच्या तेलुगूत फॉस्फेटला शब्द नाही,
मराठीतही नाही. मी खिळा म्हणाले.
पत्र्याच्या मापाभोवती, तेंदूच्या पानावर
तिची कात्री न बघता फिरत होती.
(रेशनकार्डावर तिच्यापुढे: व्यवसाय, काही नाही.)

"ते काढल्यावर मेलं का?"
नाही.
"दुखणं?"
तेही नाही. आत काहीतरी साचत गेलं, एवढंच.

कात्री जराशी थांबली.
"बसलीच आहेस तर कट्टा बांध. पंचवीसचा."
मी बांधला.
तिनं तो तळहातावर घेतला,
मोजला नाही,
आणि त्यात एक विडी खोचली.