अकरा सेकंद

आत ये, येर्नेय, पण बूट बाहेर.
या फरशीवर मी दिवसभर गुडघ्यांवर रांगते,
आणि बारीकसा खडा जरी आत आला
तरी उद्या कुणाच्या तरी पंखाला भोक सापडतं.
पिशवी टेबलावर नको. खाली. अशी.

केवढा कोंबलास रे!
पिंपात आंबवायला कोबी दाबावा तसा.
सोड. पसरू दे त्याला.
नऊ चौरस मीटर, एवढासा तर आहे,
याच्याखाली तू कानिनच्या उतारावरून
स्की घालून सुटतोस, कड्याच्या हातभर अंतरावरून.
तुझी आई माझ्याकडे मग ब्रेड घ्यायच्या रांगेत बघत राहते,
जणू पंख मीच शोधून काढला.

आता वास घेऊ दे.
लोक हसतात, पण मी आधी नाकानंच तपासते.
बुरशी लपत नाही. आत मेलेला टोळ लपत नाही.
म्हातारा फेर्दो दर ऑक्टोबरात येतो,
त्याच्या पंखातून मूठभर टोळ निघतात,
एकदा तर चीजची साल निघाली.
तुझ्या पंखाला लॅव्हेंडरचा वास येतोय.

गप्प का झालास?
आंघोळीच्या टबात? दर शनिवारी?
साबण घालून.
आणि मग...
नको, सांगू नकोस. इस्त्री.
हो, हो, अगदी मंद. रेशमाच्या खुणेवर.
कड्याची भीती नाही वाटली तुला,
डागाची वाटली.

ये, हे यंत्र धर. तोंड कापडावर टेकव,
वरच्या अंगाला, पुढच्या कडेपासून वीतभर मागे,
कापड आधी तिथेच थकतं.
आतून हवा ओढली जाते,
आणि कापड तिला किती वेळ अडवून धरतं
तेवढंच मोजायचं.
कोरं असेल तर दोनशेच्या पुढे.
फेर्दोचं, शेण लागलेलं, नऊ वर्षांचं : एकशे दहा.
तुझं अकरा.

पुन्हा मोज. डावीकडे मोज.
दहा.
मधे.
अकरा.

दोऱ्यांचं निराळं.
मधली एक काढून ताणावी लागते, पार तुटेपर्यंत,
बाकीच्यांना किती सोसवेल हे त्याशिवाय कळत नाही.
पंचवीस वर्षं करतेय,
तो 'तट्' आवाज झाला की अजून डोळे मिटतात माझे.
ही चांगली निघाली बघ. चिवट होती.
आता नाहीये.
लांबी म्हणशील, तर पुढच्यांनी तुझं वजन पेललं,
त्या ताणल्यात. मागच्यांवर फारसं काही आलंच नाही,
त्या आकसल्यात.
आम्ही तिघी बहिणी, मी थोरली,
मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
पण दोऱ्या बदलता येतात. दोन दिवसांचं काम.
कापड बदलत नाही.

काय करायला हवं होतं?
फारसं काही नाहीच.
बर्फ झटकायचा. घरी, सावलीत,
दारावर सैल टाकून ठेवायचा रात्रभर.
चिखल वाळू द्यायचा, मग हातानं.
अगदीच लागलं तर साधं पाणी, सोचाचं चालेल,
आणि गाडीच्या डिकीत उन्हात सोडून
कुठे बिअर प्यायला बसायचं नाही.
डाग असू द्यायचा.
माझ्या हातांवर बघ किती आहेत.

नाही, शिकायलासुद्धा नाही. मैदानातसुद्धा नाही.
आणि तसाच टाकूनही देता येत नाही.
कचऱ्यातून कुणीतरी पोर उचलतं,
रंग छान आहे म्हणून.
दोन वर्षांपूर्वी...
असो.
म्हणून दोऱ्या इथे कापायच्या,
जिथे त्या कापडाला शिवल्यात, अगदी मुळाशी.
मग कापड माझं. त्याच्या पिशव्या शिवते मी,
बटाटे ठेवायला बऱ्या पडतात, अकरा सेकंद पुष्कळ झाले बटाट्यांना.

मी कापू शकते. पण पंख तुझा आहे.
घाई नाही. मी पाणी ठेवते चहाला,
माझी पाठ असेल तुझ्याकडे.
कात्री खिडकीत आहे.
जपून, कालच धार लावलीये.