तासांच्या वहीवर सही

सप्टेंबर लागला की येतात
डुलुथचा चढ चढून, धापा टाकत, इस्त्रीच्या शर्टात,
डॉक्टर व्हायला निघालेली मुलं.
सल्लागारबाईंनी त्यांना सांगितलेलं असतं :
गुण छान आहेत, पण अर्जाचं उरलेलं पान कोरं दिसतं.
ते भरायला माझ्याकडे.
मी या शुश्रूषागृहाची स्वयंसेवक-प्रमुख,
म्हणजे कॉफीची किटली, खोल्यांच्या किल्ल्या
आणि सही.

वीस वर्षांत पुष्कळ तासांवर सह्या केल्या.
पाट्या टाकणाऱ्यांच्याही केल्या.
एकानं जिन्यात बसून फोन बघत काढलेले दोन तास
'रुग्णसहवास' म्हणून लिहिले होते.
त्यावरही केली.
तो आता हृदयाचा डॉक्टर आहे. चांगला आहे, म्हणतात.

आमची माणसं घटका मोजत असतात,
मुलं तास.
एकाच खोलीत, एकाच घड्याळाखाली.

ब्रिन कोस्केलाला दीडशे हवे होते.
पहिल्याच दिवशी म्हणाली, न लाजता :
"प्रयोगशाळा झाली, मुलांना गणित शिकवून झालं,
हे तेवढं राहिलंय."
मला बरं वाटलं.
बाकीचे 'सेवा' म्हणतात
आणि माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघतात.
तिला मी अकरा नंबर दिला.

अकरा नंबरात ऑर्विल तोल्लेफसन,
एकतीस वर्षं खनिजाच्या जहाजांवर आचारी.
बोलण्याचा कंटाळा, माणसांचा त्याहून.
तीन आठवडे तो गोठत चाललेल्या सरोवराकडे बघत राहिला
आणि ती त्याच्याकडे.
वहीत : बारा तास.

चौथ्या आठवड्यात त्यानं बटाटे मागवले.
पाच पौंड, आणि एक सुरी.
सुरीसाठी मला तीन कागद भरावे लागले.
तिनं पहिला बटाटा सोलला, त्यानं साल उचलून
उजेडात धरली.
"हे सोलणं नव्हे, तासणं.
तुझ्या हाताखाली सबंध जहाज उपाशी मरेल."
मी दारात होते. ती हसली नाही. दुसरा घेतला.

मग पोतीच्या पोती.
हिवाळाभर आमच्याकडे बटाट्याचं सूप होतं,
कुणी तक्रार केली, कुणी विसरलं.
तिची सालं पातळ होत गेली,
पुढेपुढे तर त्यातून खिडकी दिसायची.
त्याची बोटं सुजलेली, तो फक्त डोळ्यांनी सोलायचा
आणि मध्येच सांगायचा
बावीस माणसांना वादळात सूप कसं वाढतात :
वाटी अर्धीच भरायची.

मार्चमध्ये गेला तो.
मोसमातलं पहिलं जहाज भोंगा देत आलं
त्याच्या आधी की नंतर, मला नीट आठवत नाही.
आठवते ती मंगळवारची रात्र.
ब्रिनची पाळी नव्हती.
साडेअकराला आली, बुटांना बर्फ,
आणि साडेचारपर्यंत बसली.

शुक्रवारी वही पुढे केली.
आधीचे एकशे अडतीस. त्याखाली पाच.
'केलेले काम' या रकान्यात
तिनं लिहिलं होतं : काही नाही.

जिन्यातल्या दोन तासांवर बिनदिक्कत सही करणारी मी,
इथं पेन घेऊन बसून राहिले.
वरच्या कार्यालयाला असा शब्द चालत नाही.
"सहवास लिही की," मी म्हटलं.
"झोपला होता तो," ती म्हणाली. "त्याला माहीतही नव्हतं."
मी केली सही. जरा वाकडीच आली.

राहिलेले सात तिनं एप्रिलमध्ये भरले,
नऊ नंबरात, वर्तमानपत्र वाचून दाखवत.
जूनमध्ये अर्जाचा मजकूर मला पाठवला, चुका बघायला.
सातशे अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
त्यात नेतृत्व होतं, संवेदना होती, संघभावना होती.
बटाटे नव्हते.
मी एक स्वल्पविराम सुचवला.

त्यानंतर आली नाही. का यावं?
कुठं प्रवेश मिळाला, मिळाला का, मला कळलं नाही.
सप्टेंबरात नवे शर्ट आले, नव्या वह्या.

स्वयंपाकघरातला ड्वेन तेवढा कुरकुरतो अधूनमधून,
बादली उपडी करताना :
ती पोरगी गेल्यापासून
सालं पुन्हा जाड निघतात.