हातचा

तेंद्राराच्या पुढे, डांबर संपतं तिथे आमचं शेत.
नोव्हेंबरात बाबांनी बार्ली पेरली
एका शिडकाव्याच्या भरवशावर.
एप्रिल आला तरी ती वीतभरच.
कणसांत दाणा नाही, नुसती कुसं.

लखदर, म्हणजे माझे बाबा,
तीन दिवस बांधावर उभे राहिले.
चौथ्या दिवशी कुणाला न विचारता
कुंपणाचे चार धोंडे बाजूला केले
आणि कळप आत सोडला.

पीक गेलं, असं आमच्यात म्हणत नाहीत.
चारलं, म्हणतात.
पोत्यात येणार नव्हतं ते
थोडंफार कासेत उतरेल, लोकरीत उतरेल,
उरलेलं लेंडी होऊन मातीत, पुढच्या पेरणीला.

आईला लिहिता येत नाही.
तंबूच्या दोरीला ती गाठी मारते.
ही गाठ थोरलीची : माझ्या वसतिगृहाचे दोन महिने.
ही फाटक्या कानाची : गॅसची टाकी, आजीचा चष्मा.
एडक्याची गाठ ईदपर्यंत सोडायची नाही.

बँक आहे बूअर्फाला.
तिथे पैसे झोपून राहतात, आई म्हणते,
आपले चालतात, खोकतात,
मध्यरात्री कुणाला न सांगता जुळी घालतात.
मरतातसुद्धा, बाबा म्हणतात.

गुरुवारच्या बाजारात व्यापारी
पाठीच्या कण्यावर अंगठा दाबतो.
भाव त्याच्या अंगठ्यात.
बऱ्या वर्षी एका मेंढीला बार्लीची पाच पोती,
यंदा दीड.
दोन विकल्या, तीन पोती आली.
तीन पोत्यांत राहिलेल्या अठ्ठावीस जणी
बारा दिवस. ताणून तेरा.
मग पुन्हा दोन.

"मेंढ्याच मेंढ्या खातायत,"
ट्रकमध्ये पोत्यांवर बसून बाबा म्हणाले.
कद्दूर हसला. त्याला वाटलं, विनोद आहे.

पुढच्या खेपेला व्यापारी दारातच आला.
दात पडलेल्या म्हातारीकडे त्यानं पाहिलंही नाही.
बोट ठेवलं ते काळतोंडीवर :
पहिलटकरीण, पोट खाली उतरलेलं.
अडीच पोती. बरं, पावणेतीन.
बाबांनी ओठ ओले केले.
आई उठली, घागरीतलं पाणी
आम्हाला मोजून मिळतं ते पाणी,
एक वाडगा भरून काळतोंडीपुढे ठेवलं
आणि तिच्या शेजारीच बसून राहिली.
व्यापाऱ्याचा चहा निवला.
तो म्हातारीला घेऊन गेला, एका पोत्यावर.

गणितात मला नेहमी हातचा विसरायची सवय.
बाई म्हणायच्या, बेरीज बरोबर आहे गं,
तो एक कुठे ठेवलास?

आता रात्री बाबा कंदील धरून मोजतात.
चोवीस, पंचवीस,
आणि थांबतात.
काळतोंडी कोपऱ्यात रवंथ करते,
कंदिलाच्या उजेडाबाहेर, जरा धापा टाकत.
तिच्याकडे ते बघत नाहीत.
पंचवीस, ते आईला सांगतात.
पंचवीस, आई म्हणते.
शीहचा कडू वास येतो वाऱ्यावर.
पाऊस नाही.