दगड बसल्याचा आवाज

बाहेरच्या उंचवट्यावर मी अंगठा ठेवते
आणि आदेरितू विलेला, वय एकोणसाठ,
लिस्बनच्या रस्त्यांवर पस्तीस वर्षं ओणवा,
खुर्चीतून अर्धा उठतो.
इथेच, मी म्हणते. इथेच, तो म्हणतो,
आणि आम्ही दोघं त्या चण्याएवढ्या जागेकडे बघत राहतो
जणू तिथून कुणी बाहेर येणार आहे.

कॉफीचा कप उचलवत नाही.
ओला टॉवेल पिळवत नाही. कुलपात किल्ली फिरवताना ओरडतो.
हातोडी मात्र चालते.
हातोडीला काही बोलू नका, डॉक्टर.

मी कोपऱ्यातला सांगाडा ओढून आणते.
हे दंडाचं हाड, खाली त्याला रिळासारखी कप्पी;
करंगळीकडचं हाड तिला जबडा वासून धरतं,
म्हणून हात मिटतो, उघडतो.
शेजारी अंगठ्याकडचं. त्याचं डोकं बशीसारखं,
गळ्यात एकच चिवट कडं,
त्या कड्यात ते गिरकी घेतं तेव्हा तळवा
मागणारा होतो, किंवा झाकणारा.
एका पिशवीत तीन सांधे, आदेरितू,
आणि तुझं दुखणं तिघांपैकी कुणाचंच नाही.

तो जरा हिरमुसतो.
दुखतो तो दोर. मनगट मागे खेचणारे स्नायू
इथे येऊन एकाच खुंटीला बांधलेत.
दिवसाला किती वेळा उचलतोस हातोडी?
तो मोजू लागतो, मग सोडून देतो.
सूज नाही ही. पीळ उसवलेत.

मुकादम म्हणालाय, वसंतात हलकं काम देतो.
कुठल्या वसंतात, ते मी विचारत नाही.
कोपराला लावलेला गूळ
कुणाच्या जिभेला पोचलाय.

त्याची बायको इदालीना तिसऱ्या मजल्यावरून गल्ली राखते.
कोपरांखाली उशी, तरी एका टोकाशी
लिंबाएवढी पाण्याची पिशवी धरलीय.
फोन कानाशी दुमडून तासभर बहिणीशी बोलते
आणि करंगळी बधिर झाली म्हणून बहिणीलाच रागावते.
आतल्या उंचवट्यामागून एक नस जाते,
घाईत कातडीखाली नुसती सरकवून ठेवलेली.
तपासायला या म्हटलं, तर खिडकीतूनच
मला कोपरापासून नमस्कार.

मार्चमध्ये एका गुरुवारी तो वेळ न घेता आला.
कडेवर नात, बेनेदीता, तीन वर्षांची,
डावा हात लोंबता, जणू तिचा नव्हेच.
पायरीवर घसरत होती, मी मनगट धरून वर ओढली,
एवढंच.
एवढंच, तो पुन्हा म्हणाला,
आणि स्वतःचं कोपर विसरून
दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

या वयात ते कडं सैल असतं,
हाडाचं डोकं निसटू बघतं.
मी तिचं कोपर मुठीत घेतलं,
तळवा छताकडे वळवला, हात दुमडला.
टक.

तिच्याआधी त्याने मान वर केली.
तो आवाज त्याच्या ओळखीचा होता:
चुनखडीचा तुकडा वाळूत, शेजाऱ्यांच्या मधे,
शेवटच्या ठोक्याला बसतो, तेव्हाचा.
पाच मिनिटांनी पोरीने त्याच हाताने माझं पेन पळवलं.

त्याचं इतक्यात उरकणार नव्हतं.
हात टेबलावर, मनगट काठाबाहेर, मुठीत वजन;
वर न्यायचं दुसऱ्या हाताच्या मदतीने,
खाली सोडायचं एकट्याने, सावकाश,
पंधरा वेळा, तीन फेऱ्या, बारा आठवडे.
सावकाश म्हणजे? त्याने विचारलं.
हा शब्द त्याच्या कामात कुणी वापरला नव्हता.
वजन कुठलं, तेही विचारलं, मग म्हणाला, असू दे, बघतो.

परवा संध्याकाळी त्या चढावरून गेले.
खिडकीत इदालीना, उशी, आणि उशीशेजारी त्याची मूठ,
मुठीत काळा बसाल्ट,
खाली येतोय इतका हळू
की थांबून वाट बघावी लागली.

त्यांच्या दारासमोरच्या नक्षीत एक चौकोन रिकामा आहे.
वाळू दिसते.
मी पाय जपून टाकला.