चावी

पावणेतीनला राचप्पा भर रस्त्यात गुडघे टेकतो,
लोखंडी झाकण सारतो,
खड्ड्यात लांब दांड्याची चावी घालतो.
साडेतेरा आटे.
दाजी पेठ बंद, आमची गल्ली सुरू.
आज पाचवा दिवस.

मी दारात. मांडीवर उद्याच्या पेपरचं पुस्तक,
पायाशी ड्रम, दोन घागरी, कुकरचं भांडंसुद्धा.
पुस्तक म्हणतं, प्रोसेसर एका वेळी एकाचंच काम करतो,
बाकीचे धागे रांगेत.

धागे म्हटल्यावर शेजारचे गाजूलकाका हसले होते,
चाळीस वर्षं टॉवेल विणलेले.
"आमच्याकडं तुटला की गाठ मारतात. तुमच्याकडं?"
आमच्याकडं थांबवतात, काका.
कुठवर आला होता ते टिपून ठेवतात,
पाळी आली की तिथून पुढं.
अर्ध्या ड्रमावर पाणी जातं ना, तसं.

पाळी बदलायलाही वेळ जातो.
नळ आधी खोकतो. मग हवा,
मग तांबूस, मग गढूळ.
सात मिनिटं, जी कुणाच्याच हिशेबात नाहीत.
म्हणून पाळी फार बारीक कापू नये;
नाहीतर रात्रभर चावीच फिरेल
आणि शहरभर नुसती हवा.

दवाखान्याच्या लाइनीला आधी, पटतं.
माजी सभापतींच्या बोळालाही आधी.
पुस्तकात दोन्हींना एकच शब्द: प्राधान्य.

आणि चढावरचं शेवटचं घर, अंबुबाई येमूल.
आमच्या मोटारी ओढून दमल्या
की तिच्या तोटीला थेंब.
ती भांडत नाही. सुपात पानं घेऊन विड्या वळते,
जुडीवर जुडी.
उजाडलं की म्हणते, "नीळ्ळु राले,"
नळालाच.

याला पुस्तकात उपासमार म्हणतात.
उपायही दिलाय:
जो जितका थांबला, त्याचं वय तितकं वाढवायचं,
मग एक दिवस तोच सगळ्यांत थोरला, पाळी त्याची.

अंबुबाईचं वय तर वाढतंच आहे.

राचप्पाला हे सांगितलं, चहा देताना.
त्यानं बशी पुसून परत दिली, विचारलं,
"चावी फिरवणाऱ्याच्या घरी कधी येतं म्हणे, तुझ्या पुस्तकात?"
मी अनुक्रमणिका पाहिली.
तो पुढच्या झाकणाकडं गेला.

साडेतीन. ड्रम अर्धा.
मी मोटार बंद केली, पान दुमडून ठेवलं.
गाजूलकाकांच्या खिडकीतून, "काय गं, लाइट गेली काय?"
नाही, काका.

वर चढावर
कुणाचा तरी नळ खोकला.